आहेरबाईंची लाल टोपी

आहेरबाईंना न विचारता उचलायची कुणाची टाप नव्हती, तरी लोक उचलायला धावायचेच. आपल्याकडे पायरीपाशी चाकाची खुर्ची दिसली की चार माणसं कुठूनतरी उगवतात, "धरा रे, तिकडून धरा" असा पुकारा होतो, आणि खुर्चीतल्या माणसाला काही कळायच्या आत तो अधांतरी लटकत असतो. उचलणाऱ्यांच्या तोंडावर फुकटचं पुण्य पदरात पडल्याचं समाधान असतं. बाई अशा वेळी दोन्ही हातांनी चाकांचे ब्रेक दाबायच्या आणि सातवी 'ब'ला गप्प करणाऱ्या आवाजात म्हणायच्या, "आधी विचारा."

मग कुणीतरी ओशाळून विचारायचं, "बाई, उचलू का?"

"नको. ही पायरी ज्यांनी बांधली त्यांना बोलवा."

बांधणारा अर्थातच कधी सापडायचा नाही. बाई पायरीकडे बघत बसून राहायच्या, मागे लोक खोळंबायचे, आणि लाजेने मी मेल्याहून मेली व्हायची. दहातल्या नऊ वेळा आम्ही आल्या पावली परत जायचो. रिक्षात बसल्यावर बाई म्हणायच्या, "उचलायला मी काय कांद्याची गोणी आहे?"

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. परवा शहरातल्या त्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावरून रिक्षा गेली, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तलावाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोकांना वाटतं, तेवढाच एक तसा असेल.

आम्ही दोघी नाशिक रोडच्या एका शाळेत शिकवायला होतो. त्या गणित, मी इतिहास. बाई मूळच्या चांदवडकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. अगदी लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतला जीव गेला. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कुबड्यांवर काढली. मग खांदे कुरकुरायला लागले तेव्हा चाकाची खुर्ची आली. तिला त्या 'गाडी' म्हणत. गाडीला सायकलची घंटी होती आणि ती वाजली की व्हरांड्यातली पोरं भिंतीला चिकटायची. बाईंच्या तासाला फळा फक्त खालच्या अर्ध्या भागात भरायचा, कारण हात तेवढाच पोचायचा. पुढचा तास माझा असला तर मी वरच्या कोऱ्या भागात सनावळ्या लिहायची आणि खाली त्यांची समीकरणं तशीच ठेवायची. अक्षर इतकं सुरेख की पुसायला हात धजायचा नाही.

त्यांच्यात चेष्टेखोरपणा ठासून भरलेला होता. नाशकात कुठली मिसळ चांगली यावर माणसं भांडणं करतात. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "अमक्याची मिसळ बेचव, पण पायरी नाही." त्या बेचव मिसळीवर आम्ही कित्येक रविवार काढले. सिनेमाचंही तेच. सिनेमा कुठला हे बाई ठरवत नसत. लिफ्ट चालू असलेलं थिएटर ठरवत आणि तिथे जे लागलं असेल ते बघत. त्यामुळे इतके टुकार सिनेमे पाहिलेली दुसरी बाई जिल्ह्यात नसेल. घराजवळच्या बागेत मात्र त्या कधीच जाऊ शकल्या नाहीत. मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून तिच्या फाटकात लोखंडी पाइप नागमोडी रोवले होते. मोटरसायकलवाले पोरगे गाडी तिरकी करून बरोबर घुसायचे. अडकायच्या त्या बाई.

पण हे सगळं त्या हसण्यावारी नेत. पाण्याचं मात्र तसं नव्हतं.

बाईंच्या शेतात मोठी विहीर होती आणि तिच्यावर जुन्या मोटेचं लाकडी चाक तसंच राहून गेलं होतं. भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि ही काठावर बसून रडायची. वडिलांना सगळे तात्या म्हणत. ते फार बोलणारे नव्हते. एका दुपारी त्यांनी झोपाळ्याची फळी आणली, दोर बांधून चाकावरून विहिरीत सोडली, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दगड भरलेली कांद्याची गोणी बांधली, बरोबर पोरीच्या वजनाची. तराजूच झाला तो. फळीवर बसून बाजूचा दोर ओढायचा. एकीकडे ओढला की खाली, दुसरीकडे ओढला की वर. फक्त खाली पोचल्यावर दोर कपारीतल्या खुंटीला बांधायला विसरायचं नाही, नाहीतर आपण पाण्यात उतरलो की गोणी खाली येणार आणि फळी वर निघून जाणार. पाठीला सुका भोपळा बांधून तात्यांनीच पोहायला शिकवलं. "डोकं बुडव," म्हणायचे. "डोकं बुडालं का पानी आपलं."

एकदा बाई खुंटीला दोर बांधायला विसरल्या. फळी वर गेली. तात्या चांदवडच्या बाजाराला गेलेले, भाऊ कुठे उंडारत होते कुणास ठाऊक. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मधेच विचारलं होतं.

"मग? ओरडला नाहीत?"

"कशाला ओरडू? उताणी पडून राहिले. वर गोल आभाळ. पारव्यांची जा-ये चाललेली. तात्या आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, 'दोर तुझ्या हातात होता ना?' मी म्हटलं, हो. 'मग आता बांधत जा,' म्हणाले आणि फळी खाली सोडली. वर आल्यावर रागावले नाहीत की काही नाहीत."

ही गोष्ट बाई मला वरचेवर सांगायच्या आणि शेवटी हटकून म्हणायच्या, "शैला, आमच्याकडे गोणी दुसऱ्या टोकाला असायची. मी नाही."

तर बाईंना शहरातल्या त्या तलावात उतरायचं होतं, आणि स्वतःच्या हाताने उतरायचं होतं. एवढीच मागणी. डॉक्टर म्हणत होते, खांदे वाचवायचे असतील तर पोहण्यासारखं दुसरं काही नाही. पण बाईंनी हे कारण तलावावर कधी पुढे केलं नाही. त्यामुळेच सगळं अवघड झालं असं मला वाटतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथले व्यवस्थापक खुर्चीवरून उठून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता.

"बाई, आमची लाइफगार्ड पोरं चांगली दणकट आहेत. दंडाला धरून अलगद सोडतील. काय प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम हा की मला हात आहेत," बाई म्हणाल्या. "मी माझी उतरीन. उतरायची खुर्ची मिळते, बटणावर चालणारी. ती बसवा."

"थेरपी म्हणून लिहून देता का डॉक्टरांचं? मग वरती बोलायला बरं पडतं."

"थेरपी नकोय मला. डुंबायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मजा. बाकीचे इथे कशाला येतात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्यांना समजावणार होते. औषधपाण्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण पाय गेलेल्या बाईने मजा मागितली की लोक चपापतात. त्यानंतर किती वर्षं आम्ही तिथे खेटे घातले ते आठवायलाही नको वाटतं. दर वेळी साहेब चहा पाजायचे, दर वेळी खुर्ची "मंजुरीत" असायची. तोवर बाई निवृत्त झाल्या आणि खांद्यांनी खरोखरच दगा द्यायला सुरुवात केली. गाडीतून पलंगावर जायला त्यांना आता तीन-तीनदा जोर करावा लागायचा.

आणि मग खुर्ची मंजूर झाली! साहेबांचा फोन आला त्याच संध्याकाळी बाईंनी पोहण्याची टोपी घेतली, लालभडक. तलावावर टोपी सक्तीची होती. रबराची ती टोपी डोक्यावर ओढून त्या माझ्या घरी आल्या, दारातून घंटी वाजवली, आणि म्हणाल्या, "ओळखलंस का?" बासष्ट वर्षांची बाई, पण तोंडावर काय तो उजेड. मी त्यांना तसं आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

खुर्ची बसली तेव्हा कंपनीच्या माणसाने ती चालवून दाखवली. काठावर लोखंडी ओटा, त्याला लांब दांडा, दांड्याला पांढरी खुर्ची. बसणाऱ्याने बटण दाबलं की खुर्ची वळून पाण्यावर जायची आणि हळूहळू खाली उतरायची. बटण बसणाऱ्याच्याच हातात. बाई माझ्याकडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "शैला, दोर."

लगेच उतरायचं होतं त्यांना. पण उद्घाटनाआधी कसं उतरणार?

उद्घाटनाला मांडव पडला, झेंडूच्या माळा लागल्या, एक मोठे पाहुणे आले. साहेबांनी भाषणात बाईंचं मोकळ्या मनाने कौतुक केलं आणि जाहीर केलं की श्रीफळ बाईंच्याच हस्ते वाढवायचं. बाई पोहण्याचा पोशाख आत घालून, वर सलवार-कुडता चढवून, पर्समध्ये टोपी घेऊन आल्या होत्या. नारळासाठी दगड ठेवला होता तो फरशीवर. गाडीत बसून वाकल्या तरी तिथे हात पोचेना.

"दगड जरा वर घ्या," बाई म्हणाल्या.

"अहो, मशीनवरच वाढवा की," कुणीतरी म्हणालं. "मान त्याचाच आहे."

लोखंडी ओटा बरोबर बाईंच्या हाताशी होता. त्याला लागूनच विजेचा डबा, आतल्या बटणांना हळदकुंकू लावायचं म्हणून त्याचं झाकण उघडलेलं.

"मशीनवर नको," बाई म्हणाल्या. "पाणी जाईल आत."

"अहो बाई, शुभ असतं! आणि पाण्यातलंच मशीन आहे, त्याला पाण्याचं काय भ्या?"

सगळे हसले. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. साहेबांनी हात जोडले, "घ्या बाई, उशीर होतोय." बाई उभ्या आयुष्यात फार थोड्या वेळा लोकांच्या कलाने वागल्या असतील. त्या दिवशी वागल्या. नारळ एका दणक्यात फुटला आणि टाळ्या वाजल्या.

पहिल्यांदा बाईंनीच बसायचं ठरलं होतं. पण पाहुणे म्हणाले, "बघू तर काय आहे," आणि कडक इस्त्रीचे पांढरे कपडे सावरत खुर्चीत बसले. खुर्ची वळली, खाली गेली, पाहुण्यांच्या कमरेला पाणी लागलं, फोटो निघाले. मग खुर्ची वर येईना. डब्यातली बटणं दाबून दाबून साहेबांना घाम फुटला. शेवटी चार लाइफगार्डनी पाण्यात उड्या टाकल्या, "धरा रे, तिकडून धरा" असा पुकारा झाला आणि पाहुणे अधांतरी काठावर आले.

"कुणी विचारलं का गं त्यांना?" बाईंनी माझ्या कानात विचारलं. आम्ही दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसलो. तारेबिरेचा काहीतरी घोळ असेल, आठवड्यात दुरुस्त होईल, असंच तेव्हा वाटलं.

काही दिवसांनी पुण्याहून कारागीर आला. त्याने डबा उघडून आत बोट फिरवलं, चाटून पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "नारळाचं पाणी गेलंय. आतलं सगळं जळालं. हे गॅरंटीत बसत नाही. पार्ट बाहेरून मागवावा लागेल."

परतताना रिक्षात बाई आपला उजवा तळहात बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याच हाताने."

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते. हात कुणाचा होता?"

त्या दिवसानंतर बाई जरा विझल्या, आणि विझतच गेल्या. पार्ट आला नाही. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना ती खुर्ची कुणी आणि कशाला बसवली हेच माहीत नव्हतं, त्यांनी तिच्यावर ताडपत्री घातली. पुढच्या खेपेला गेलो तर दांड्यावर ओले कपडे वाळत घातले होते. बाईंनी ते नुसते बघितले. एरवी त्यांनी तलाव डोक्यावर घेतला असता.

मग एका लग्नात मी ते बघितलं. कार्यालयाला पायऱ्या होत्या. नेहमीसारखी चार माणसं उगवली, नेहमीसारखा पुकारा झाला. मी बाईंच्या आवाजाची वाट बघत थांबले. बाईंचे हात मांडीवरच होते. ब्रेक दाबलाच नाही. खुर्ची वर गेली, आत गेली, आणि मला भर मांडवात रडू कोसळलं. लोकांना वाटलं, मुलीकडची असेन.

त्यानंतर त्यांनी एकदा गावाकडे भावाला फोन लावला, माझ्यासमोरच. स्पीकरवर नानाचा आवाज आला, "अक्का, इहिरीत पानी कुठं राह्यलंय आता? समद्यांनी बोर मारले. पार तळ दिसतोय. पोरं बाटल्या टाकत्यात त्यात."

"आणि चाक?"

"ते कव्हाच सडलं. तू ये ना पन इकडं, घर हाये तुझं."

"येईन," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी मला विचारलं, "उद्या सकाळी तलावावर येतेस?"

"पार्ट आला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही गं. टोपी घेऊन ठेवलीय, वाया जाईल."

सकाळी आम्ही गेलो. बाईंनी केस आत कोंबत लाल टोपी घातली. आता हात पुरते वर जात नव्हते, मागची बाजू मी ओढली. काठाशी गेल्यावर एका लाइफगार्डने विचारलं, "बाई, कसं करायचं?"

"उचला," बाई म्हणाल्या.

दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी गुडघ्यांखाली. "काहीच वजन नाय ओ बाईंचं," एक जण म्हणाला. उथळ बाजूला त्यांना पाण्यात उतरवलं, पाणी छातीशी आलं, आणि दोन पोरं दोन्ही दंड धरून उभी राहिली.

"आता सोडा," बाई म्हणाल्या.

"नाय बाई, आमची जबाबदारी हाये. साहेबांनी सांगितलंय."

"मला पोहता येतं रे."

"येत असंल बाई. पण पाय नाय ना चालत तुमचे. भिऊ नका, आम्ही घट्ट धरलंय."

"बरं, निदान डोकं तरी बुडवू दे."

"नको नको, नाकातोंडात पानी जाईल."

मी काठावरून म्हटलं, "अरे सोडा त्यांना, मी सांगते ना!" नवे साहेब लांबून बघायला लागले. पोरं गोंधळली आणि त्यांनी अजून घट्ट धरलं. मला त्या पोरांचा राग करता येत नाही. पोरं चांगलीच होती, जीव लावून धरत होती.

"राहू दे, शैला," बाई म्हणाल्या.

पलीकडे कुणाकुणाच्या उड्या चालल्या होत्या, पाणी उडत होतं. बाई त्या दोघांच्या मधे तशाच राहिल्या. एकदा त्यांनी वर बघितलं. वर पत्र्याचं छत होतं. मग त्या म्हणाल्या, "झालं. काढा बाहेर."

पोरांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं, पाय नीट खालच्या पट्टीवर टेकवले, अंगावर पंचा टाकला.

"मजा आली ना बाई?" त्यातल्या एकाने अगदी मनापासून विचारलं.

"आली," बाई म्हणाल्या. "थँक्यू हं, पोरांनो."

पाऊस संपता संपता बाई नानाकडे राहायला गेल्या आणि त्या थंडीत गेल्या. त्या सकाळनंतर मी त्यांना पुन्हा पाण्यात बघितलं नाही.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांचे केस पुसायला टॉवेल घेऊन उभी होते. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. सकाळी घातलेली वेणी जशीच्या तशी होती. टोपी पिळावी म्हणून मी हात लावला, तर आतूनही कोरडी होती आणि बाहेरूनही.